उसना दिलेला सात नंबर

माणसं इंदूरला जातात ती खायला. आम्ही तिघं गेलो ते पोरगं परत आणायला. खाणं झालंच. आमच्या ह्यांनी तर पंक्चर झालेला टायर बदलतानाही एका हातात कचोरी धरली होती. पण ते नंतर सांगते.

आम्ही कोल्हापूरचे. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे अख्ख्या पेठेचा कारभार. प्रत्येक पेठेची तालीम, तालमीचा संघ आणि संघाचा रंग. आमचा हिरवा-पांढरा. पोरगं ज्या पेठेत जन्मलं तिचंच खेळणार. दुसऱ्या पेठेच्या गॅलरीत बसायची वेळ आली, तर माणूस ताप आल्याचं सांगून घरी झोपून राहील. आमच्या तालमीचे वस्ताद म्हणजे बापू. सत्तरीला टेकलेत, गुडघे गेलेत, पण आवाज अजून मैदानाच्या ह्या टोकाहून त्या टोकाला जातो. बापूंनी काही सांगितलं आणि पोरानं "नाही" म्हटलं, असं आमच्या पेठेत मी कधी ऐकलेलं नाही.

आणि सुजल म्हणजे आमच्या शोभाचा मुलगा. माझा मसाला कुटायचा डंक आहे, शोभा तिथं माझ्याबरोबर काम करते, त्यामुळं पोरगं मिरचीच्या पोत्यांवरच मोठं झालं म्हणा ना. विशीतला. पायात बॉल आला की चौघांना चकवणार, मग पाचव्याला चकवायला जाणार आणि तिथं बॉल घालवणार. आमची पेठ तरी खूश, कारण आम्हाला चकवाचकवी बघायला आवडते. पण तालमीनं परदेशातून दोन तगडे फॉरवर्ड आणले आणि सुजल बाकावर गेला. बाकावर बसून पोरगं चिडचिडं झालं, आईशी धड बोलेना. तेव्हा बापूंनीच ओळखीतून त्याला एका हंगामापुरतं इंदूरच्या एका क्लबाला दिलं. त्याला लोन म्हणतात. शोभा घाबरून गेली होती. मी म्हटलं, "अगं, शेजारणीला आपण विरजण उसनं देतो का न्हाई, तसंच हे. पोरगं आपलंच हाय."

आता तो हंगाम संपत आला होता. परदेशी गडी मायदेशी परतले होते. बापूंनी तालमीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "सुजलला घेऊनच येतो. पुढच्या हंगामाला सात नंबरची जर्सी त्याची." इंदूरचा क्लब फायनलला पोचला होता आणि फायनल महूला होती. ती बघायची आणि पोराला गाडीत घालून आणायचं, असा बेत. गाडी आमची, चालवायला आमचे हे, म्हणजे विलासराव, पुढच्या सीटवर बापू आणि मागं मी. माझ्या शेजारची जागा परतीला सुजलची. जाताना तिथं कांदा-लसूण मसाल्याचे डबे होते.

अन्नपूर्णा

वाटेचं काही सांगत नाही. घाट, ट्रक आणि बापूंचं घोरणं. सकाळी इंदुरात शिरलो तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांत भरली ती स्वच्छता. इंदूर स्वच्छ आहे हे आपण ऐकून असतो, पण ऐकणं वेगळं आणि सवयीनं गाडीची काच खाली करून केळ्याची साल बाहेर टाकायला जाणं वेगळं. आमच्या ह्यांनी तेच केलं. शेजारच्या स्कूटरवरच्या एका आजोबांनी साल उचलली, काचेतून परत ह्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "भिया, ये आपकी रह गई थी." रागावले नाहीत की ओरडले नाहीत. पुढचे तीन दिवस हे कचोरीचा कागदसुद्धा घडी करून खिशात ठेवत होते. घरी असं वागले असते तर मी पेढे वाटले असते.

अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या वस्तीत सुजल राहतो, वरच्या मजल्यावर एका खोलीत. घरमालकीण उषाताई जगदाळे. पासष्टीच्या, उंच, कॉलेजातून निवृत्त झालेल्या. त्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेबरोबर इकडं आले आणि इथलेच झाले. उषाताई महाराष्ट्रात राहिल्या नाहीत एक दिवस, पण "आपल्या महाराष्ट्रात" असं इतक्या हक्कानं म्हणतात की आपणच पाहुणे वाटावं.

"या या, आराम से बसा," त्या म्हणाल्या. "सुजल प्रॅक्टिसला गेला आहे, दुपारपर्यंत येईल. तोपर्यंत नाश्ता करून घ्या. मनोज, पोहे घेऊन आला का रे?"

मनोज म्हणजे त्यांच्या भावाचा मुलगा. त्याचं नमकीनचं दुकान आहे आणि क्लबाच्या पाठीराख्यांचा तो म्होरक्या. पोहे आले. वाफेवर ठेवलेले, मऊसूत, वर शेव, कांदा आणि शेजारी जिलेबी. बापूंनी जिलेबी बाजूला सारली. "आधी पोहे, मग गोड," ते म्हणाले. मनोज हसून म्हणाला, "बापूजी, सोबतच खायची असते ना. एक घास हा, एक घास ती." बापूंनी खाऊन बघितलं, मान डोलावली, पण तोंडानं काही कबूल केलं नाही. माझं लक्ष पोह्यांवर भुरभुरलेल्या मसाल्याकडं. त्याला जिरावन म्हणतात. आंबटसर, किंचित गोडसर, धण्याजिऱ्याचा वास, आणि आमच्या मसाल्यापुढं तिखट अगदी नावाला. मी बोटावर घेऊन चाटला, पुन्हा चाटला, आणि उषाताईंना विचारून एक पुडा बांधूनच घेतला. धंद्यात लाज कसली.

मग विषय सुजलवर आला आणि उषाताई सुरूच झाल्या.

"आला तेव्हा काय होता हो तो! गुस्सा नाकावर. पहिल्याच मॅचला रेफ्रीशी भांडला, कार्ड घेऊन बाहेर. बॉल मिळाला की घेऊन पळायचा, किसी को देताच नव्हता. मनोज तर मला बोलला, बुआ, हा पाहुणा जास्त दिवस टिकणार नाही."

"बोललो होतो," मनोज म्हणाला. "गलत बोललो होतो."

"मग कोच सरांनी त्याला एक कसरत दिली," उषाताई पुढं सांगू लागल्या. "बॉल पायात खेळवायचा, पण खाली बघायचं नाही. सर समोर उभे राहून बोटं दाखवणार, त्यानं पळता पळता सांगायचं किती बोटं. सर घरी तर नसतात ना, म्हणून ते काम माझ्याकडे. तो गच्चीवर बॉल फिरवायचा, मी मटार सोलत बसायची आणि मधेच बोटं वर करायची. दोन! चार! चुकला तर पुन्हा. सुरुवातीला तर कुंड्या फोडल्या यार त्यानं माझ्या. महिन्याभरात डोकं वर राहायला लागलं."

बापूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आमच्या तालमीत पोराला पहिल्या दिवशी सांगतात ते एकच, नजर चेंडूवर. बापूंनी हे शेकडो पोरांना सांगितलंय. "चेंडूकडं बघायचं न्हाई म्हणजे?" ते मला हळूच म्हणाले. "उद्या म्हणतील, जेवताना ताटाकडं बघू नका."

दुपारी सुजल आला. मी दारातच त्याला धरला. खांदे भरलेले, केस बारीक कापलेले, आणि नजरेला नजर देऊन बोलत होता. जाताना हेच पोरगं पायाच्या अंगठ्याकडं बघत बोलायचं. त्यानं बापूंच्या पायाला हात लावला, माझ्या हातातले डबे घेतले, आईची चौकशी केली. मग स्वतः पानं मांडली, उषाताईंच्या हातचे दाल-बाफले, म्हणजे वरणाबरोबर खायचे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, वाढले, बापूंना बाफला कुस्करून तूप कसं घालायचं ते दाखवलं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. घरी ह्यानं कधी पाण्याचा तांब्या भरून घेतला नव्हता.

बापूंनी मात्र जेवता जेवताच विषय काढला. "सामान बांधून ठेव. मॅच झाली की निघायचं."

सुजलनं वाढता हात क्षणभर थांबवला. "मॅच होऊ दे बापू," तो म्हणाला. उषाताई उठून आत गेल्या, लोणचं आणायला. लोणचं पानातच होतं.

सिमरोलच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी फायनलच्या आधीची शेवटची प्रॅक्टिस होती, सिमरोलच्या बाजूला एका मैदानावर. इंदूर मागं पडलं की माळव्याची काळी माती सुरू होते आणि ती बघून आपल्याकडच्या माणसाला हेवा वाटतो. शेताच्या कडेला लसूण उपटून वाळत घातलेला, हवेत वासच वास. मी गाडी थांबवायला लावली. पाकळी फोडून नाकाशी धरली आणि म्हटलं, हे गाडीत आलंच पाहिजे. बापू करवादले, "मंगल, आपण पोरगं न्यायला आलोय का लसूण?" मी म्हटलं, "डिकीत लसूण, सीटवर पोरगं. दोन्ही बसतंय." आमच्या ह्यांनी मुकाट्यानं पोतं उचललं.

मैदानावर कोच सर भेटले. मध्यमवयीन, कमी बोलणारे, डोक्यावर टोपी. बापूंनी पाचच मिनिटं प्रॅक्टिस बघितली आणि त्यांचं डोकं फिरलं. सुजल पुढं नव्हताच. मधल्या फळीत उभा होता, मागं जाऊन बॉल घेत होता, इकडं तिकडं वाटत होता.

"माझा फॉरवर्ड हाय तो!" बापूंचा आवाज चढला. "गोल मारणारं पोरगं तुम्ही हमाली करायला लावलंय!"

कोच सर शांत होते. त्यांना मराठी समजत होतं, उत्तर हिंदीत देत होते. "बापूजी, गोल मारने वाले बहुत मिलते हैं. पूरा मैदान देखने वाला मुश्किल से मिलता है. मुझे इसके साथ एक साल और चाहिए. अभी आधा ही काम हुआ है. लेकिन खिलाड़ी आपका है. आप ना बोलेंगे तो मैं कुछ नहीं बोलूँगा."

बापू तडक गाडीकडं निघाले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "एक वर्ष आणखी! मी पेठेत शब्द दिलाय. घेऊन जाणार म्हंजे जाणार." मला तेच हवं होतं. शोभानं निघताना माझा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "काकी, येताना घेऊन या त्याला," आणि मी हो म्हटलं होतं. पण प्रॅक्टिस संपल्यावर सुजल त्याला दादा म्हणणाऱ्या एका बारीक चणीच्या गड्याला बाजूला घेऊन शॉट मारायला शिकवत होता, ते मी बघितलं होतं. त्याचं नाव फैजान. इंदूरचाच, संघातला सगळ्यात नवा. हे बापूंनीही बघितलं असणार.

महू

मॅचचा दिवस. उषाताई, मनोज आणि मंडळी मिनी बसनं पुढं गेली. आम्ही मागून गाडीनं निघालो आणि महूच्या अलीकडं टायर बसला. हे एका हातानं कचोरी खात दुसऱ्या हातानं पाना फिरवत होते. बापू घड्याळ बघून तळमळत होते. त्यांच्या गळ्यात तालमीचा हिरवा-पांढरा पंचा, माझ्या खांद्यावर तोच, ह्यांच्या डोक्यावर टोपी तशीच. पेठेचं पोरगं कुठंही खेळत असो, आपला रंग घातल्याशिवाय बघायला जायचं नाही, हा आमचा रिवाज आहे. रंगाशिवाय मॅच म्हणजे कुंकवाशिवाय लग्न.

महू छावणीचं गाव. सरळ रस्ते, चुना मारलेली झाडं, शिस्तीत चालणारी माणसं. मैदानाशी पोचलो तेव्हा आत शिट्टी वाजायच्या बेतात होती. फाटकावरच्या स्वयंसेवकांनी आमच्याकडं एकदाच बघितलं आणि हसून, "आइए आइए, अपनी साइड इधर है," म्हणत घाईघाईनं आत घेतलं, एका स्टँडमध्ये मधोमध बसवलं. बसल्यावर मी आजूबाजूला बघितलं. सगळीकडं हिरवा-पांढरा. आमच्यासारखेच पंचे, झेंडे, टोप्या. क्षणभर वाटलं, कोल्हापूरच आलंय की काय! आणि मग महूचा संघ मैदानात उतरला. हिरव्या-पांढऱ्यात.

"मंगल," बापू दातओठ खात म्हणाले, "आपण दुसऱ्यांच्यात बसलोय."

सत्तर वर्षांत हा माणूस समोरच्या गॅलरीची पायरी चढला नव्हता. माझा फोन वाजला. मनोज होता. "काकीजी, तुम्ही लोक तिकडे काय करताय? आम्ही इकडे समोर बसलोय ना!" मी समोर बघितलं, लांब उषाताई दोन्ही हात हलवत होत्या. मधे मैदान, आणि मॅच सुरू झालेली. हे म्हणाले, "आता गप बसा. ओरडलासा तर बाहेर काढतील." आम्ही पंचे घट्ट धरून गप बसलो. आपल्या पोराच्या मॅचला गप बसणं काय असतं, ते मी कुणाला सांगू.

पलीकडं एक गंमत चालली होती. सुजलच्या पायात बॉल आला की इंदूरचं सगळं स्टँड हात वर करून बोटं दाखवायचं. कुणी दोन, कुणी तीन, कुणी पाचही. मला आधी कळेना, मग उषाताईंची गच्ची आणि मटार आठवले आणि मला हसू आवरेना. त्या एका बाईची बोटं बघत बघत अख्ख्या स्टँडला सवय लागली होती. सुजलही एकदा मान वर करून हसला आणि तेवढ्यातच लांब पास देऊन मोकळा झाला.

आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार बसले होते. पांढऱ्या मिशा, पाठ ताठ. आम्हाला महूवाले समजून त्यांनी शेंगदाण्यांची पुडी पुढं केली आणि बापूंना म्हणाले, "उस सात नंबर पर नज़र रखिए. गड़बड़ वही करेगा."

बापू सावध झाले. "क्यों? अच्छा है क्या?" त्यांची हिंदी म्हणजे कोल्हापुरीच, वेगळ्या टोपीत.

"साल के शुरू में यहाँ आया था," सुभेदार म्हणाले. "हमारे दो लड़कों ने घेर के बैठा दिया था उसको. बॉल को अपने बाप की जायदाद समझता था. अब देखिए. अब दो लड़के भेजो तो तीसरे को दे देता है. गुस्सा भी नहीं करता. इतना बदला हुआ लड़का मैंने कम देखा है. किसी ने बड़ी मेहनत की है इस पर."

बापूंनी शेंगदाणे तसेच मुठीत धरले. मध्यंतराच्या आधी कॉर्नरवरून महूनं गोल मारला, आमच्या भोवती सगळे उठून नाचले आणि आम्ही तिघं गणपतीच्या मांडवात चुकून शिरलेल्या माणसांसारखे बसून राहिलो. मध्यंतर झालं. मी उठले. "चला बापू, आता तिकडं जाऊया."

"बस खाली," बापू म्हणाले. "तिकडं आपली माणसं हाईत. ती कौतुकच करणार. खरं काय ते इथं ऐकायला मिळतंय."

दुसऱ्या अर्ध्यात सुजलनं जे केलं ते मी आमच्या मैदानावर कधी बघितलेलं नाही. म्हणजे करामती नव्हत्याच. तो मागं धावत येऊन बॉल अडवत होता. पडलेल्याला उचलत होता. स्वतःपाशी बॉल जेमतेम ठेवत होता आणि तरी सगळा खेळ त्याच्याच पायातून जात होता. महूच्या पोरानं एकदा मागून जोरात लाथ घातली. मी डोळे मिटले, म्हटलं आता हा भांडणार. डोळे उघडले तर सुजल उठून शॉर्ट्स झटकत होता. बापूंनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नव्हतं.

अगदी शेवटी ती वेळ आली. सुजलनं मधूनच बॉल काढला, एकाला चकवलं, दुसऱ्याला मागं टाकलं. समोर गोलकीपर, शेजारून एक बॅक झेपावत आलेला. मी सगळं विसरून उभी राहिले. पलीकडं बोटंच बोटं. आणि माझ्या शेजारी बापू, महूच्या स्टँडच्या मधोमध, पंजा वर करून उभे. "मार रं!" ते ओरडले. सगळं स्टँड वळून आमच्याकडं बघायला लागलं.

सुजलनं मारला नाही. त्यानं मान वर केली आणि बॉल उजवीकडं सरकवला. तिथं फैजान मोकळा होता, एकदम मोकळा, समोर रिकामा गोल. फैजाननं मारला आणि बॉल दांडीवरून आकाशात गेला.

शिट्टी वाजली. आम्ही हरलो होतो.

आमच्याकडं असा गोल चुकला तर त्या पोराला आठवडाभर गल्लीबोळातून घरी जावं लागतं. आणि पास देणाऱ्यालाही लोक सोडत नाहीत, स्वतः का नाही मारलास म्हणून. मी बापूंकडं बघायला घाबरत होते. सुभेदारांनी आम्हाला आता नीट ओळखलं होतं. ते हसले आणि बापूंना म्हणाले, "आपका है?"

"माझा," बापू म्हणाले. "मेरा."

"पास सही था."

"बरोबर होता," बापू म्हणाले. "मी 'मार' म्हणत होतो. मी चुकलो. पास बरोबर होता."

मैदानात फैजान तोंड झाकून बसला होता. सुजल त्याच्यापाशी गेला, शेजारी गवतावर बसला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून राहिला. समोरून इंदूरची माणसं टाळ्या वाजवत होती, हरलेली असूनही, त्या दोघांसाठी. मग आमच्या बाजूनंही टाळ्या सुरू झाल्या. मीही वाजवल्या, हात दुखेपर्यंत.

आम्ही मैदानात उतरलो. उषाताई, मनोज, कोच सर सगळे तिथंच होते. आता काय विचारलं जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. सुजल आला आणि वाकला. बापूंनी त्याला खांद्याला धरून उभं केलं.

"सर म्हणतात आणखी एक वर्ष," बापू म्हणाले. "पेठ म्हणते आत्ता. तू सांग."

"तुम्ही म्हणाल तसं, बापू," सुजल म्हणाला. नजर पुन्हा अंगठ्याकडं.

बापू भडकले. "वर बघ! वर्षभर हेच शिकलास न्हवं? मग माझ्यासमोर कशाला खाली बघतोस? मी आत्ता तिथं बसून 'मार' म्हणून बोंबललो. तू ऐकलंस का माझं?"

"न्हाई."

"का न्हाई ऐकलंस?"

"फैजान मोकळा होता."

"मग तसंच सांग. तुला काय दिसतंय ते सांग."

सुजलनं मान वर केली. मी त्याच्या आईला शब्द दिला होता, तरी त्या क्षणी मला वाटलं, पोरानं मनातलं बोलावं, काय असेल ते.

"न्हाई येत, बापू," तो म्हणाला. नजर हलली नाही. "यंदा न्हाई. सरांचं काम अर्धं राहिलंय माझ्यावर. आणि फैजानला आजच्या दिवशी असं सोडून गेलो, तर तो परत बूट घालणार न्हाई. पुढच्या वर्षी येतो. आईला मी सांगतो."

उषाताईंनी तोंडाला पदर लावला. बापूंनी गळ्यातला पंचा काढून सुजलच्या गळ्यात टाकला, आणि कोच सरांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "बहुत अच्छा किया तुमने. बहुत." त्याच्यापुढची हिंदी त्यांना सापडली नाही.

परत पेठेत

निघताना उषाताईंनी शेव, गजक म्हणजे तीळ-गुळाच्या वड्या, आणि जिरावन एवढं भरून दिलं की सुजलची जागा गच्च झाली. वाटेत तालमीतून फोनवर फोन. पोरं हलगी घेऊन चौकात उभी राहणार, पेठेचं पोरगं वाजतगाजत आणणार. बापूंनी फोन बंद केला. "असलं फोनवर सांगत न्हाईत," म्हणाले. मी खिडकीतून बघत बसले. शोभाला काय तोंड दाखवायचं, हे मला कळत नव्हतं.

सकाळी उन्हं आल्यावर चौकात पोचलो. आमची गाडी दिसली आणि हलगी कडाडली. पोरांनी गाडी घेरली. मागचं दार उघडलं, तर आत मी आणि शेवेच्या पिशव्या. हलगी आपोआप थांबली. कुणीतरी म्हणालं, "बापू, हात हलवत आलासा? सुजल कुठं हाय?"

बापू गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उतरले. गर्दीत शोभा उभी होती. तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं, सुजलनं तिला सांगितलं होतं, आणि तिनं ते पेठेत कुणालाच सांगितलं नव्हतं. बापू सरळ तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"शोभा," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुझं पोरगं मला न्हाई म्हणालं. माझ्या डोळ्याला डोळा लावून न्हाई म्हणालं."

शोभाच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

बापूंनी हलगीवाल्यांकडं वळून बघितलं. "थांबलासा कशाला?" ते ओरडले. "वाजवा की!"